रंगनाथच्या नावाच्या टाळ्या

टाळ्या थांबेनात, तेव्हा ज्योत्स्नाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. लोकांबरोबर आपलेही हात वाजतील अशी भीती तिला नव्हती. पुढच्या रांगेत उभे राहून शिट्ट्या मारणाऱ्या थोरल्या दिरांच्या पाठीत त्यातला एखादा हात बसेल, अशी भीती होती.

स्टेजवर तिचा पुतण्या रविराज गुडघे टेकून बसला होता. अंगात त्याच्या काकाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, रंगनाथची, जुनी सात नंबरची जर्सी. तासभर त्याने एकट्याने सगळं केलं होतं. तोच खेळाडू, तोच पंच, तोच मैदानाभोवतीचा गाव, आणि एका जागी आवाज बारीक करून तोच ज्योत्स्ना. फोनवर रडणारी बाई. तिला दोन वाक्यं होती. "अहो, आपली सृष्टी गेली हो!" आणि "तुम्ही लवकर या हो!" एवढं बोलून ती बाई नाटकातून जी गायब झाली, ती शेवटपर्यंत आलीच नाही.

नाटकाचं नाव 'मध्यरेषा'. एकपात्री स्पर्धेतला प्रयोग, रविवारची सकाळ, तरी नाशिकच्या त्या नाट्यगृहात खुर्ची रिकामी नव्हती. कबड्डीच्या अंतिम सामन्यात मध्यंतर होतं, खेळाडूला फोन येतो, पाच वर्षांची लेक गेल्याचं कळतं. तो फोन खाली ठेवतो, मैदानातली माती कपाळाला लावतो आणि पुन्हा चढाईला जातो. एका श्वासात "कबड्डी, कबड्डी" म्हणत रविराज स्टेजभर असा काही फिरला होता की मागच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. शेवटी चिता. आणि त्या चितेवर खेळाडू आपलं सुवर्णपदक ठेवतो.

"ज्यांच्या आयुष्यावर हे नाटक बेतलं आहे, ते स्वतः आज आपल्यात आहेत," निवेदिका म्हणाली. "रंगनाथ सर, कृपया मंचावर यावं."

रंगनाथ उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. चाळिशी ओलांडलेला, पोट थोडं सुटलेला तो माणूस पायऱ्या चढून वर गेला, तसं अख्खं नाट्यगृह उभं राहिलं. बसून राहिली ती फक्त ज्योत्स्ना.

नऊ वर्षं. नऊ वर्षं जी एक गोष्ट तिने या माणसाला माफ केली नव्हती, नेमकी त्याच गोष्टीसाठी हे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी तिने खरंच फोन केला होता. आणि फोन सोडून तो खरंच पुन्हा खेळायला गेला होता. फरक एवढाच, की तिने फोन केला तेव्हा सृष्टी जिवंत होती.

*

जेवण थोरल्या दिरांच्या, म्हणजे रविराजचे वडील मोतीराम यांच्या, इंदिरानगरच्या फ्लॅटवर होतं. मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकरी, आणि सासूबाई मटण खात नाहीत म्हणून त्यांच्यापुरती शेवभाजी. मोतीरामची बायको लताबाई पहाटेपासून राबत होती. प्रयोगाला आलेले मित्र, शेजारी, मोतीरामच्या मंडळातले लोक पेढे खाऊन गेले आणि घरचेच काय ते उरले. नवसाबाई, म्हणजे सासूबाई, दिवाणावर पाय पसरून बसल्या. दोघे भाऊ आणि रविराज डायनिंग टेबलाशी.

"परीक्षक काय म्हणाले माहितीये?" मोतीराम हाडातला मगज ओढत म्हणाला. "म्हणाले, हे नाटक फायनलला जाणार म्हणजे जाणार. पुढच्या रविवारी फायनल. त्यानंतर गावोगाव प्रयोग लावायचे. शाळा, तालमी, क्रीडा मंडळं. पोरांना कळलं पाहिजे, खेळाडू कशाला म्हणतात ते."

"लय गुनाचं लेकरू माझं," नवसाबाई म्हणाल्या. "रंगाचं नाव काढलं त्यानं."

रंगनाथ मान खाली घालून भाकरी कुस्करत होता. थोरल्या भावापुढे तो असाच बसे, लहानपणापासून. बाप गेल्यावर मोतीरामनेच त्याला वाढवलं, मोतीरामनेच मैदानावर नेलं, चढाई आणि पकड मोतीरामनेच शिकवली. संघाचा व्यवस्थापक म्हणून प्रत्येक सामन्याला मोतीराम त्याच्याबरोबर असे. घरात या गोष्टी इतक्या वेळा सांगून झाल्या होत्या की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

ज्योत्स्ना भाकऱ्या वाढायला आली, तेव्हा रविराजने मान वर केली. पोरगा मनाने वाईट नव्हता. "काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला कसं वाटलं?"

तिने भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

"सृष्टीला जाळलं का रे आपण?"

"म्हणजे?"

"चिता दाखवलीस ना? पाच वर्षांच्या लेकराला जाळत नाहीत रव्या. पुरतात. ओढ्याच्या कडेला खड्डा खणला होता. वर मीठ घातलं आणि दगड रचले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. तिथं कुठलं आलं पदक?"

टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. रविराजचा चेहरा पडला. तेव्हा तो दहावीला होता, क्लाससाठी नाशिकला मामाकडे राहायचा. त्याला कुणी गावी आणलंच नव्हतं.

"काकू, ते… स्टेजवर चिता जास्त…"

"जास्त काय? उठून दिसते?"

"अगं, नाटक आहे ते," मोतीराम हसून म्हणाला. "थोडं इकडचं तिकडं होणारच. त्यात एवढं लावून काय घ्यायचं?"

"आता जेवतानी कशाला काढायचं ते?" नवसाबाईंनी री ओढली. "सनासारका दिस हाय. गप बस ज्योत्स्ना."

गप बस. हे शब्द तिने या घरात इतके ऐकले होते की एरवी ते तिला ऐकूही येत नसत. आज आले. पुरलं तेव्हा गप बस. वर्षभराने सगळे दुसरं मूल होऊ दे म्हणाले आणि ती रंगनाथच्या खोलीतून आपली गादी उचलून दुसऱ्या खोलीत गेली, तेव्हा गप बस. तिने भाकऱ्यांची टोपली टेबलावर आदळली.

"नाही बसत गप. चिता खोटी, पदक खोटं, ती रडणारी बाई खोटी. मी त्या दिवशी रडले नव्हते, आई, तुम्हीच सांगत फिरत होता सगळीकडे, हिच्या डोळ्यात टिपूस नाही म्हणून. एक फोन तेवढा खरा दाखवलास, रव्या. आणि त्याच्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या! माणूस फोन खाली ठेवून खेळायला गेला म्हणून टाळ्या!"

"कसला फोन?" रंगनाथने विचारलं.

त्याच्याकडे बघून ती हसली. ते हसू बघून लताबाईने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बघा! आता हे विचारतायत, कसला फोन."

"अगं, तो फोन रवीनं घातलाय मनाचा. मला कुठं फोन आला होता? मॅच संपली, चषक घेतला, मग दादा म्हणाला, सृष्टीची तब्येत बिघडलीय, निघू या. गाडीत बसल्यावर कळलं मला, अर्ध्या रस्त्यात."

"स्टेजवर रव्यानं नाटक केलं ते पुरे झालं. तुम्ही नका करू."

"ज्योत्स्ना, सृष्टीची शपथ…"

"तिचं नाव नाही घ्यायचं!" ती एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "मी फोन केला होता. जीपमधून. आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले मण्यार चावलीय रात्री झोपेत, इंजेक्शनं दिलीत, पण नाशिकला पळवा. पोरीच्या पापण्या मिटल्या होत्या. उघडता येत नव्हत्या तिला. पण ऐकू येत होतं. पप्पा, पप्पा करत होती, जीभ जड झालेली. म्हणून मी फोन लावला. म्हटलं, आवाज तरी ऐकू दे बापाचा."

"मग?" रंगनाथचा आवाज बदलला होता.

"मग काय? भाऊंनी उचलला."

सगळ्यांनी मोतीरामकडे बघितलं. मोतीराम पाणी पीत होता. पाणी पिऊन झाल्यावरही त्याने पेला तोंडाशी तसाच धरून ठेवला.

"मी सांगितलं, भाऊ, यांना द्या, सृष्टीला बोलायचंय, तिचं काही खरं नाही. मागं लाऊडस्पीकर चालू होता. मला स्पष्ट ऐकू आलं, 'रंगनाथ बाद!' कबड्डीवाल्याची बायको आहे मी, बाद म्हणजे काय ते कळतं मला. माणूस बाहेर आला, बाकावर बसला. म्हटलं, आता घेतील फोन. भाऊ म्हणाले, थांब, विचारतो. जरा वेळानं म्हणाले, 'तो म्हणतो, मॅच झाल्यावर बोलतो.'"

रंगनाथ उभा राहिला. त्याची खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही.

"मी?" तो म्हणाला. "मी असं म्हणालो?"

ज्योत्स्नाने नवऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ती त्याच्या शर्टाकडे, ताटाकडे, चपलांकडे बघत आली होती, चेहऱ्याकडे नाही. आता बघितलं. हा चेहरा खोटं बोलत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याला ठाऊकच नव्हतं!

"दादा," रंगनाथ म्हणाला. "विचारलंस तू मला?"

"अरे, नऊ वर्षांपूर्वीचं आता…"

"विचारलंस?"

मोतीरामने पेला खाली ठेवला. "फोनचं काही आठवत नाही मला. हजार फोन येत होते त्या दिवशी. ही काहीतरी मनातलं बोलतेय. बाईमाणूस, त्यात असला प्रसंग, डोकं ठिकाणावर असतं का?"

"आई," ज्योत्स्ना दिवाणाकडे वळली. "तुम्ही जीपमध्ये होता. तिचे पाय तुमच्या मांडीवर होते. फोनचा स्पीकर मी चालू केला होता. सांगा काय ऐकलं ते."

नवसाबाईंनी पाय जवळ ओढून घेतले. थोरल्या लेकाचा शब्द त्यांनी आजवर कधी खाली पडू दिला नव्हता. शेत विकायचं ठरलं तेव्हा नाही, धाकट्याला वाटणीत मागचं कोरडं रान दिलं तेव्हाही नाही. त्यांनी मोतीरामकडे बघितलं, मग रंगनाथकडे.

"बोल्ला व्हता," त्या म्हणाल्या. "तो म्हनतो मॅच झाल्यावर बोलतो, असंच बोल्ला. मला वाटलं, रंगाच म्हनला आसन. म्हनून मी कदी विशय काडला नाय."

"आई!" मोतीराम किंचाळला.

"माज्यावं वराडू नको. लेकरानं बी आयकलं ते. तिच्या कानाशीच व्हता फोन."

त्यानंतर रंगनाथ कसा पोहोचला ते कुणाला दिसलंच नाही. टेबलाला वळसा न घालता, रश्श्याचं भांडं लवंडून, त्याने मोतीरामचं मनगट धरलं. मोतीरामने हिसडा दिला. सुटलं नाही.

"सोड, रंगा."

"बाद होतो मी. बाकावर बसलो होतो. पाणी पीत होतो दादा, पाणी! तू माझ्या शेजारी होतास. तूच बाटली दिलीस मला. एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात फोन?"

"मग काय करायचं होतं?" मोतीराम आता लाल झाला होता. त्याच्याकडे लपवायचं काही उरलं नव्हतं. "दिला असता फोन आणि तू मैदान सोडून पळाला असतास, तर? सात गुणांनी मागं होतो आपण. निवड समिती समोर बसलेली. त्या एका मॅचवर तुझी वीज कंपनीतली नोकरी होती. विसरलास? खेळाडूंच्या कोट्यातली शेवटची जागा! बाप नव्हता आपल्याला. मी शिक्षण सोडलं तुझ्यासाठी, आणि तू मैदान सोडणार? आणि पळत येऊन तू काय करणार होतास? धुळ्याहून यायला तीन तास. पोरगी तर जाणारच होती."

हे वाक्य पडलं आणि खुद्द लताबाईच्याच तोंडून "अहो!" असं निघालं. तिने नवऱ्याकडे जे बघितलं, ते ज्योत्स्नाने आधी कधी पाहिलं नव्हतं. ती पदर खोचून आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार तिने लावून घेतलं.

"यायला तीन तास लागले असते," रंगनाथ हळू म्हणाला. "बोलायला किती लागले असते?"

मोतीरामने मनगट पुन्हा ओढून बघितलं.

"तिला वाटलं असेल, पप्पाला वेळ नाही. हेच ऐकून गेली ती. आणि आज पहिल्या रांगेत उभा राहून शिट्ट्या मारत होतास तू. मी पोरीला टाकून खेळलो, हे नाटक तुझ्या पोरानं केलं आणि तुला ते आवडलं! तुला बरंच वाटलं असेल ना? तू केलेलं सगळं माझ्या नावावर गेलं, आणि वर टाळ्या!"

"बाबा," रविराज म्हणाला, "मध्यंतराच्या फोनची कल्पना तुमची होती. मी लिहिलं होतं, सामना संपल्यावर कळतं असं. तुम्हीच म्हणालात, त्यात दम नाही. त्याला आधी कळू दे."

मोतीरामने पोराकडे असं बघितलं, जणू घरातलं शेवटचं माणूस पलीकडे गेलं. ते खरंही होतं.

रंगनाथने दुसरा हात उचलला. मूठ वळली होती. ज्योत्स्नाला वाटलं, बसू दे. एकदाचा बसू दे. पण नवसाबाईंनी दिवाणावरून हंबरडा फोडला, "रंगाऽ", आणि तो हात हवेतच राहिला. मग त्याने मनगटही सोडलं. मोतीरामच्या कातडीवर चार बोटं उमटली होती.

"आजपासून मला भाऊ नाही," रंगनाथ म्हणाला आणि दाराकडे गेला.

*

खाली पार्किंगमध्ये दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. रंगनाथने स्कूटर स्टँडवरून काढली, पण किल्ली लागेना. ज्योत्स्ना चार पावलांवर उभी होती. तिला वाटलं होतं, खरं कळलं की राग जाईल. तो कुठेच गेला नव्हता. नऊ वर्षं चुकीच्या माणसावर धरलेला राग आता तसाच्या तसा छातीत उभा होता, आणि त्यातला थोडा अजून या माणसावरच होता.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटी काय झालं ते. ती काय बोलली, कुठं गेली, माझ्या मांडीवर गेली की दवाखान्याच्या दारात. एकदा पण नाही विचारलंत. मी म्हटलं, याला ठाऊक आहे आपण काय केलं, म्हणून तोंड नाही याला विचारायला."

"तू बोलत नव्हतीस माझ्याशी. खोलीचं दार लावून घ्यायचीस. मी म्हटलं, मी तिथं नव्हतो म्हणून चिडलीय. चिडू दे. बरोबरच आहे. मी विचारलं असतं तर तुला पुन्हा सगळं…" त्याने किल्ली खिशात टाकली. "तू का नाही विचारलंस? एकदा तोंडावर म्हणायचं, का नाही आलास फोनवर?"

"आणि तुम्ही म्हणाला असतात, मॅच चालू होती, तर?" ती म्हणाली. "मग मी कुठं गेले असते? तुमच्या घरात राहायचं होतं मला."

जिन्यावरून धावत रविराज आला. जर्सी अजून अंगात होती. ती त्याने आता ओढून काढली आणि हातात घेऊन उभा राहिला, काकाला द्यावी की काकूला हे न कळून.

"काकू, मी फायनलमधून नाव काढून घेतो. आत्ताच फोन करतो त्यांना. हे नाटक मी परत कधी करणार नाही."

"का?" ज्योत्स्ना म्हणाली.

"का म्हणजे… खोटं आहे सगळं."

"मग खोटं तेवढंच राहील लोकांच्या डोक्यात. आज आलेल्या सगळ्यांच्या. त्यांना वाटतंय, यांनी फोन खाली ठेवला. ते कोण पुसणार?" तिचा आवाज पुन्हा चढला. "पळून नाही जायचं. फायनल करायची. फोन करणारी बाई दोन वाक्यं बोलून जाणार नाही, ती शेवटपर्यंत राहील. चिता काढून टाक. आणि तो फोन ज्याच्या हातात होता, त्याच्याच हातात दे."

रविराजने वर खिडकीकडे बघितलं. "बाबा समोर बसलेले असतील, काकू."

"पहिल्या रांगेत बसव."

"ज्योत्स्ना," रंगनाथ म्हणाला. मग त्याने मान डोलावली. रविराजकडे बघून म्हणाला, "ती सांगते तसं कर."

"पण मला काहीच माहीत नाही. त्या दिवसाचं. मला कुणी कधी…"

"मला तरी कुठं माहितीये?" रंगनाथ म्हणाला. त्याने स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. डोक्यावर चढवलेलं हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि पार्किंगच्या कट्ट्यावर, रविराजच्या शेजारी, शाळेतल्या पोरासारखा बसला.

वरच्या मजल्यावरून नवसाबाईंचं रडणं ऐकू येत होतं. कुणीतरी खिडकी लावली. ज्योत्स्ना त्या दोघांपुढे उभीच राहिली. बसली असती तर तिला बोलता आलं नसतं.

"सकाळी तिनं दूध घेतलं नाही," ती म्हणाली. "पोट दुखतंय म्हणाली. आईंनी ओवा चावायला दिला, आणि मी म्हटलं, शाळा बुडवायला नाटकं करू नको. पाठीत धपाटा घातला मी तिच्या. तिथून सुरू कर."